हत्ती पुस्तकाबाहेर पाहत होता

नवीन माणसाची ओळख झाली की तो विचारतो, "तुम्ही काय करत होता?" मी सांगते, "पुस्तकात चित्रं बसवत होते." मग तो म्हणतो, "अच्छा, म्हणजे पेंटर?" नाही बाप्पा. "मग फोटोग्राफर?" तेही नाही. चित्र काढणारा वेगळा, फोटो घेणारा वेगळा, मजकूर लिहिणारा वेगळा, आणि या तिघांची भांडणं एका पानावर मिटवणारी मी. एवढं सांगितलं की माणूस "वा वा" म्हणून चहाकडे वळतो. माझा मुलगा तर अजून लोकांना सांगतो, "मम्मी प्रेस में थी," आणि लोकांना वाटतं मी वर्तमानपत्रात बातम्या देत होते.

तर यंदा आमच्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी लिहाच म्हणून गळ घातली तेव्हा मी मुद्दामच हो म्हटलं. एकदाचं सांगून टाकते.

आमचं ऑफिस रायपुरच्या पुरानी बस्तीत, देवळामागच्या गल्लीत. छपाईचं मशीन बीरगांवला. मालकांना सगळे भैयाजी म्हणायचे, ते मला दीदी म्हणायचे. निमंत्रणपत्रिका, कॅलेंडरं, शाळांच्या वह्या यावर प्रेस चालायची. पण भैयाजींचा जीव अडकलेला होता मोठ्या सचित्र पुस्तकांत. छत्तीसगडची देवळं, मूर्ती, पितळी ओतकाम, अंगावरचं गोदना म्हणजे गोंदण, भिंतींवरची चित्रं. धंद्यात शहाणा माणूस असल्या पुस्तकांच्या वाटेला जात नाही. भैयाजींना वेड होतं आणि त्या वेडात मी आनंदानं सामील झाले.

या कामात डोळा लागतो आणि हट्ट लागतो. माझ्याकडे हट्ट जास्त होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जो लाल दिसतो तो कागदावर तसा उतरत नाही, पडदा चक्क खोटं बोलतो. म्हणून प्रूफ हातात घेऊन खिडकीशी जायचं, दिवसाच्या उजेडात पाहायचं आणि मशीनवाल्याशी भांडायचं. दोन पानं जिथं शिवली जातात त्या घळीत कुणाचा चेहरा जाऊ द्यायचा नाही. चित्राखालची ओळ चित्राला चिकटून पाहिजे, पुढच्या पानावर गेली की वाचणारा बुचकळ्यात पडतो. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवला: चित्रातल्या चेहऱ्यानं पुस्तकाच्या आत पाहिलं पाहिजे. डाव्या पानावरचा उजवीकडे पाहणार, उजव्या पानावरचा डावीकडे. चेहरा बाहेर पाहत असला की वाचणाऱ्याची नजरही त्याच्यासोबत पानाबाहेर निघून जाते. हा नियम मी इतका पाळला की लोकांच्या घरी गेले तरी भिंतीवरचे फोटो इकडचे तिकडे करावेसे वाटायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका देवस्थानाचे अध्यक्ष आले होते, त्यांच्या देवीची मूर्ती फार जुनी, नाक तुटलेलं. मला म्हणाले, "दीदी, कम्प्यूटर में नाक जोड़ दो. भक्तों को अच्छा लगेगा." मी म्हटलं, "नहीं जोड़ूँगी." ते म्हणाले, "दो मिनट का काम है." मी म्हटलं, "दोन मिनिटांचंच आहे, म्हणून तर नाही." रागावून भैयाजींकडे गेले. भैयाजींनी त्यांना चहा पाजला, पण नाक जोडलं नाही. त्या दिवशी मी घरी अशी काही तोऱ्यात गेले की विचारू नका. जे आहे ते तसंच छापायचं, आपण कोण बदलणारे, असं मी चार लोकांना ऐकवलंसुद्धा.

आता निखाडे सरांचं सांगते, कारण माझ्या साऱ्या नोकरीत मी ज्या एका माणसापुढे मनापासून मान झुकवली ते हेच.

सर मूळचे भंडाऱ्याकडचे. सिंचन खात्यात होते. कालव्यांच्या कामासाठी गावोगाव फिरायचे आणि फिरता फिरता भिंती पाहायचे. इकडे खेड्यात नवीन घर बांधलं की ओल्या मातीच्या भिंतीवर बाया बोटांनी हत्ती, पाखरं, झाडं, वेली कोरतात. त्याला नोहडोरा म्हणतात. माती वाळायच्या आत सगळं काढून व्हायला पाहिजे, मागून खोडायची सोय नाही. त्यावरून दरवर्षी छुहीचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, हात फिरतो. सरांना या भिंतींनी असं पकडलं की सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यांनी गावांत काढला. घर पक्कं झालं की भिंत जाते, भिंत गेली की चित्र जातं. त्यांनी घेतलेल्या फोटोंमधल्या कितीतरी भिंती आज जगात नाहीत.

सर पहिल्यांदा ऑफिसात आले ते स्लाइडचे डबे घेऊन आणि सोबत प्लास्टिकच्या पिशवीत मातीचं एक ढेकूळ. ढेकूळ माझ्या टेबलावर ठेवलं.

मी म्हटलं, "सर, हे काय?"

"हे तिथची माती. मंदाताई, तुमी रंग याच्याशी जुळवा, पडद्याशी नका जुळवू."

 इतक्या वर्षांत एकाही लेखकाला हे सुचलं नव्हतं. मग मी रोज ढेकूळ खिडकीत ठेवून प्रूफ पाहायची, आणि बीरगांवच्या मशीनवाल्याला म्हणायची, "भैया, अजून पिवळा कमी कर." तो म्हणायचा, "दीदी, मिट्टी ही तो है!" मातीच तर सगळ्यात कठीण असते, त्याला कोण सांगणार.

दुसरी गोष्ट नावांची. प्रत्येक स्लाइडच्या कडेवर सरांच्या बारीक अक्षरात गाव आणि बाईचं नाव लिहिलेलं. तेच सगळं त्यांच्या वहीत. मोठमोठ्या विद्वानांची पुस्तकं मी लावली आहेत, त्यात खेड्यातल्या बाईनं केलेलं काम असलं की खाली 'लोककला' असं लिहून मोकळे. सरांना याची भारी चीड.

"तिले नाव नाही का? आईबापानं ठेवलं नसन का नाव? पुस्तक नाही निघालं तरी चालन, मंदाताई, पण चित्राखाली नाव पायजे. अन् बरोबर पायजे."

त्यांचा आणखी एक रिवाज होता. फर्मे छापून झाले, म्हणजे सोळा सोळा पानांचे मोठे कागद तयार झाले, की बाइंडिंगला जायच्या आधी ते सुटी पानं घेऊन त्या त्या गावात जायचे आणि त्या बाईला, ती नसली तर तिच्या लेकीसुनेला दाखवायचे. "पह्यला मान त्यायचा," म्हणायचे. कुठल्या मंत्र्याच्या हातून प्रकाशन होणार याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

असं ते पुस्तक आम्ही लावत होतो. अभनपुरच्या पुढच्या एका गावातली भिंत होती, तिच्यावर मोठा हत्ती. काय हत्ती होता, माय वं! सोंड वर, पाय असे टाकलेले की आता भिंतीतून निघून अंगणात येतो की काय. पाठीवर झूल, आणि झुलीवर चार बोटांनी ओढलेल्या तिरप्या रेघाच रेघा. सरांच्या वहीत नाव: बुधियारिन बाई. बाई वारलेली, आणि भिंत ज्या घराची ते घरही पडलेलं. आता तो हत्ती फक्त या एका स्लाइडमध्ये उरला होता.

चित्र उजव्या पानावर येत होतं आणि हत्ती पाहत होता उजवीकडे. म्हणजे पुस्तकाच्या बाहेर. मी पान बदलून पाहिलं, तर पुढची सगळी पानं हलत होती. दोन दिवस डोकं खाल्लं त्या हत्तीनं. शेवटी मी चित्र आडवं उलटवलं, आरशात दिसतं तसं. एक बटण. हत्ती डावीकडे पाहू लागला आणि पान असं जमलं की मी स्वतःच "वा!" म्हणाले.

आता हे करायचं नसतं हे मला माहीत नव्हतं का? होतं ना. चित्रात अक्षर असेल तर उलटवायचं नाही, देवाच्या हातात शंखचक्र असेल तर नाही, बाईचा पदर दिसत असेल तर नाही. पण हा तर मातीचा हत्ती. हत्तीले काय डावं अन् काय उजवं! असा विचार मी केला, आणि कुणाला सांगितलं नाही. प्रूफ सरांकडे गेलं. त्यांनी रंग पाहिला, नाव पाहिलं, सही केली. फर्मा छापून झाला.

मग सर म्हणाले, "चला मंदाताई, या खेपेस तुमीपण चला. तुमी एवढी माती पाह्यली, गाव नाही पाह्यलं."

बसनं अभनपुर, तिथून ऑटोनं गावात गेलो. बुधियारिनची लेक सुखवारिन, साठीच्या आतबाहेरची, अंगणात बडी, म्हणजे सांडगे, वाळत घालत होती. "बइठव दीदी," म्हणून खाट टाकली, पाणी दिलं. सरांना ती ओळखत होती. आम्ही पान तिच्यासमोर धरलं. मी तर मनात तिच्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहून राहिले होते.

सुखवारिननं पान पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"हाथी तो हमरे पारा के आय. फेर ए मोर दाई के नोहे."

हत्ती आमच्या पाऱ्याचा, म्हणजे वस्तीचाच, पण हा माझ्या आईचा नाही. सरांना वाटलं तिला नीट दिसत नसेल. त्यांनी वही काढली, वाचून दाखवलं, घर कुणाचं, भिंत कुठली. ती ऐकेना. म्हणाली, आईचे हत्ती पाऱ्यात सगळ्यांनाच हवे असायचे, प्रत्येक नव्या घरात तिला बोलावायचे. तिचं पाहून दुसऱ्या बायाही काढायच्या. हा त्यांच्यापैकीच कुणाचा असेल, नक्कल असेल.

"पर तुमको कैसे पता?" मी विचारलं.

तिनं झुलीवरच्या रेघांवर उजव्या हाताची चार बोटं ठेवली आणि वरून खाली ओढली. बोटं रेघांवरून बरोबर उतरली. मग डाव्या हाताची बोटं ठेवून ओढली, तर ती रेघांना आडवी गेली.

"मोर दाई डेरी हाथ ले बनावय," ती म्हणाली.

डेरी म्हणजे डावा. आई डावरी होती. मग तिनं सगळं सांगितलं. डाव्या हातानं काही केलेलं घरात चालायचं नाही. भात वाढला तरी बोलणं, सारवलं तरी बोलणं. सासू तिचा डावा हात पदरानं कमरेशी बांधून ठेवायची, उजव्याची सवय लागावी म्हणून. तीही बिचारी उजव्यानं सगळं शिकली. पण ओली भिंत समोर आली की कुणाचं ऐकायची नाही. माती वाळत असते, तिथं हात बांधायला वेळ कुणाला? भिंतीपुरता तिचा हात मोकळा होता. म्हणून गावात कुणीही रेघ पाहून सांगायचं, ही बुधियारिनची.

मी तिथं खाटेवर बसून ऐकत होते आणि माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. चित्रासोबत रेघाही उलटल्या होत्या, हे मला 'डेरी हाथ' ऐकताच समजलं होतं. पण तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं, तर भीती आणि लाज, दुसरं काही नाही. इतक्या वर्षांची मी मोठी जाणकार, देवीचं नाक न जोडणारी!

 आम्ही परत निघालो. अभनपुरच्या बसस्टँडवर बाकावर बसलो तेव्हा सर म्हणाले, "मंदाताई, मी नाव चुकवलं."

मी समोरच्या बसची पाटी वाचू लागले.

"एक चुकलं म्हणजे अजून किती चुकले असतीन? मले आता त्या वहीवर भरवसाच नाही राह्यला. भैयाजीले सांगतो, हे नाव काढून टाका. अन् बाकीचेबी एकेक पाहा लागन. नाही तर नावंच नको पुस्तकात."

असं म्हणून त्यांनी वही मांडीवर उघडली, खिशातून पेन काढलं आणि बुधियारिनच्या नावावर टेकवलं.  साऱ्या जन्माची सुट्टी ज्या वहीत गेली, ती वही हा माणूस माझ्यामुळे खोटी ठरवायला निघाला होता.

मी त्यांचा हात धरला. "सर, नाव खरं आहे. चित्र मी उलटवलं."

त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, बटण, आरसा, सगळं. त्यांनी वहीवरचं पेन उचललं.

"काहून?"

"हत्ती पुस्तकाच्या बाहेर पाहत होता, सर."

"मग पाहू द्या ना त्याले बाहेर!" सर एवढ्यानं ओरडले की शेजारची बाई पोराला घेऊन दुसऱ्या बाकावर गेली. "त्याचं पुस्तक हाये का ते? तुमचं हाये? माझं हाये? त्या बाईनं त्याले तिकडं पाहायले लावलं, तुमी कोन त्याची मान फिरवणाऱ्या?"

इतक्या वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. मी ऐकून घेतलं. रायपुरची बस आली आणि गेली, आम्ही उठलो नाही. थोड्या वेळानं सरांनी वही मिटली, कपाळ पुसलं आणि हळूच म्हणाले, "म्हणजे माझी वही बरोबर हाये."

"अक्षर न अक्षर, सर."

"तुमच्यावर राग आला पायजे का आनंद झाला पायजे, मले तेच समजून नाही राहिलं," म्हणाले, आणि मग उठून दोन चहा घेऊन आले. हा माणूस असा. मी चहा प्यायले आणि बसस्टँडवर, चारचौघांत, पदर तोंडाला लावून रडले.

दुसऱ्या दिवशी भैयाजींना मीच सांगितलं. प्रकाशनाचा दिवस ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. ते डोक्याला हात लावून बसले. "दीदी, आपसे?" एवढंच म्हणाले, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ द्या, कुणाला कळणार आहे. पण ते तसं म्हणाले नाहीत. समारंभ पुढे ढकलला. म्हणाले, "फर्मा फिर से छपेगा. पर इस बार प्रूफ पहले गाँव जाएगा, मशीन पर बाद में. और लेकर आप जाएँगी, अकेली." शिक्षा होती ती, पण माझ्यावरचा विश्वासही होता. असे मालक मिळायला नशीब लागतं.

मी हत्ती सरळ केला. उजव्या पानावर, बाहेर पाहणारा. डोळ्याला खुपत होता, खोटं कशाला सांगू? प्रूफ गुंडाळून एकटी गावात गेले.

सुखवारिननं पान खाटेवर पसरलं. या वेळेस तिनं सरळ डावा हात उचलला आणि झुलीवर ठेवला. चार बोटं चार रेघांत बसली. वरून खाली ओढली, परत वर नेली, परत ओढली. मग तिचा चेहराच बदलला.

"हव. ए मोर दाई आय."

मी मनाशी म्हटलं, तिला सगळं सांगितल्याशिवाय इथून उठायचं नाही. माझ्या मोडक्या छत्तीसगढीत सांगितलं, की पहिलं पान नक्कल नव्हतं, हेच होतं, मीच ते उलटं केलं होतं. मशीनवर एक बटण असतं, ते दाबलं की डाव्याचं उजवं होतं. पानात छान दिसावं म्हणून केलं. चुकलं माझं.

 ती हसायला लागली, आणि अशी हसली, अशी हसली की खाट हलू लागली.

"अई दीदी! मोर बूढ़ी दाई जिनगी भर हाथ बाँध के नइ कर सकिस, तैं एके घाँव म कर डारे!"

आजीला जन्मभर हात बांधून जे जमलं नाही, ते तू एका झटक्यात केलंस. तिनं हसत हसत म्हटलं, मला मात्र हसू येईना. कुणी दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिचे हात धरले आणि माफी मागितली. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं, ती त्या पानावरच होती.

"नाव कहाँ हे?" तिनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मी चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: बुधियारिन बाई, आणि गावाचं नाव.

"बस?"

"बस. और क्या लिखना है?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पानाकडे. "त लिख दे न, डेरी हाथ ले बनाए हे."

मी पर्समधून पेन काढलं आणि तिथंच प्रूफवर लिहिलं. परतल्यावर सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, एक अक्षर बदलायचं नाही, तिनं सांगितलं तसंच छापा. मोठ्या सचित्र पुस्तकांत चित्राखालच्या ओळीची एक ठरलेली भाषा असते, मी स्वतः ती नव्या लोकांना शिकवत आले होते. ती भाषा त्या पानापुरती मी बाजूला ठेवली. बीरगांवला मशीनशी उभी राहून पहिला कागद हातात घेतला, शाई अजून ओली होती. हत्तीखाली छापलं होतं:

बुधियारिन बाई. डेरी हाथ ले बनाए हे.